प्रति चौरस किलोमीटर

पुस्तकात छापलंय : लोकसंख्येची घनता
प्रति चौरस किलोमीटर शून्य पूर्णांक तीन.
मी आकडा फळ्यावर उतरवला
आणि शेवटच्या बाकावरून एर्चिमनं विचारलं,
"बाई, तीन दशांश माणूस म्हणजे
कुठून कुठपर्यंतचा?"

वर्ग हसला. नऊ मुलं. मीही हसले.
बाहेर उणे एकेचाळीस.
काचेवर आतून धरलेल्या बर्फात
कुणी तरी नखानं घोडा कोरलेला.

"गुडघ्यापर्यंतचा," क्यून्नेई म्हणाली,
"आमच्या मामाचा राहिला ना रस्त्यावर, तेवढा."
तिचा मामा ट्रक चालवायचा,
गोठलेल्या नदीवरून, खाणीपर्यंत.
ती हे सहज म्हणाली,
वही विसरले म्हणावं तसं.

मी नकाशा उलगडला.
हिऱ्यांना पांढरा चौकोन, सोन्याला पिवळा ठिपका,
वायूला ज्योत, कोळशाला काळा त्रिकोण.
खुणाच खुणा, नदीचं नाव वाचता येईना.
घोड्याला खूण का नाही,
ही मुलांची दरवर्षीची तक्रार.
ती मी दरवर्षी लिहून घेते.
पाठवायची कुठे, ते ठाऊक नाही.

विल्यूयच्या या वळणावर आम्ही दोनशे बारा.
प्रोकोपी धरून दोनशे बारा,
तो नोव्हेंबरात नदीवर करवत घेऊन जातो
आणि घरोघरी बर्फाच्या लाद्या पोचवतो.
पाणी आमच्याकडे सरपणासारखं
भिंतीला रचून ठेवतात.
मार्फाचा नवरा धरला तर दोनशे तेरा.
जानेवारीत गेला.
दोन दिवस, दोन रात्री जमिनीवर जाळ ठेवला,
राख ओढायची, वीतभर खणायचं,
पुन्हा जाळ.
माती आम्हाला वीत-वीत मिळते.

आणि तिकडे खाणीत
अर्धा किलोमीटर खोल उघडी पडलीय तीच माती.
तिच्यापाशी कुणी लाकडं घेऊन बसलं नव्हतं.

एर्चिमचा भाऊ पंधरा दिवस तिथे, पंधरा दिवस इथे.
"त्याला कुठल्या चौकोनात मोजायचं?"
हा त्याचा दुसरा प्रश्न.
हिरा कसा दिसतो म्हणून भावाला विचारलं होतं त्यानं.
भाऊ म्हणाला, मळक्या मिठासारखा,
पण त्यानं मासा खारवता येत नाही.

मला आई आठवली.
ती म्हणायची, माणसाला तीन जीव :
एक मातीचा, एक वाऱ्याचा,
एक आईकडून आलेला.
मूल दचकून घाबरलं की वाऱ्याचा सुटून फिरायला जातो,
त्याला हाक मारून परत आणावं लागतं.
पुस्तकात हे नाही. तरी मी सांगितलं.

मुलं लगेच हिशेबाला लागली.
तीन दशांश मातीचा, तीन दशांश वाऱ्याचा,
तीन दशांश आईचा.
"तीन त्रिक नऊ," क्यून्नेईनं बोटं मिटली,
"बाई, एक दशांश उरला."

घंटा झाली.
टोप्या, हातमोजे, एकमेकांचे चुकून घातलेले बूट.
दार उघडलं तशी धुक्याची भिंत आत आली
आणि नऊ मुलं तिच्यात एकेक करत पुसली गेली,
आवाज मात्र बराच वेळ राहिले.

घरी येऊन लादीचा तुकडा किटलीत टाकला.
त्यात वाळुंजाचं एक पान होतं,
नदी थांबली त्या दिवशी जसं वाहत होतं
तसंच, थोडं तिरकं.
वितळेपर्यंत बघत बसले.
चहाची पत्ती टाकायची राहून गेली.
एर्चिमला सोमवारी काय सांगायचं,
अजून ठरलेलं नाही.